घेणाऱ्याचे व्रत

शिकोकू बेटावर पायी यात्रा करणाऱ्याला कुणी काही देऊ केले, तर ‘नको’ म्हणायचे नसते. हा तिथला दंडक आहे. तो कुठल्या फलकावर लिहिलेला नाही, पण बेटावरच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. शेतातून एखादी बाई बांधावरून लगबगीने येते आणि हातावर दोन संत्री ठेवते. मोटार कडेला थांबते, काच खाली होते आणि चहाची थंडगार बाटली पुढे येते. पाठीवरच्या पिशवीत आधीचीच संत्री संपलेली नसतात, चहा नुकताच झालेला असतो, तरी घ्यायचे, हात जोडायचे आणि पुढे निघायचे. या देण्याला तिथे ‘ओसेत्ताई’ म्हणतात आणि यात्रेकरूला ‘हेन्रो’. हे पुस्तक त्या देण्याघेण्याबद्दल आहे. चालण्याचे वर्णन त्यात ओघाने आले आहे, तेवढेच.

जपानच्या चार मुख्य बेटांपैकी शिकोकू सर्वांत लहान. तोकुशिमा, कोची, एहिमे आणि कागावा हे त्याचे चार प्रांत. या चौघांना वळसा घालणारी ८८ मंदिरांची प्रदक्षिणा सुमारे १,२०० किलोमीटरची भरते. तोकुशिमातल्या रिओझेंजीला पहिला क्रमांक, कागावाच्या डोंगरातल्या ओकुबोजीला अठ्ठ्याऐंशीवा. मंदिरांची वाटणी मात्र मुळीच समान नाही. तोकुशिमात २३, एहिमेत २६, कागावात २३ आणि लांबलचक किनारा असलेल्या कोचीत फक्त १६. तेविसाव्या मंदिरापासून चोविसाव्यापर्यंत सुमारे ७५ किलोमीटर अंतर आहे. डाव्या हाताला पॅसिफिक महासागर, उजव्या हाताला डोंगर, आणि पायाखाली डांबरी सडक. तीनेक दिवस मंदिर म्हणून दिसत नाही. दिसतात ती माणसे. आज बहुतेक यात्रेकरू बसने किंवा मोटारीने फिरतात आणि दहा-बारा दिवसांत प्रदक्षिणा उरकतात. पायी जाणाऱ्याला दीड महिना तरी लागतो, आणि ओसेत्ताईचा खरा ओघ त्याच्याचकडे वळतो.

या वाटेचा धनी एकच, कूकाई. जग त्यांना कोबो दाइशी म्हणून ओळखते, शिकोकूची माणसे नुसते ‘ओदाइशीसान’ म्हणतात. आपल्याकडे माउली म्हणताना आवाजात जी जवळीक येते, ती त्या हाकेत असते. ७७४ साली याच बेटावर, आजच्या झेन्त्सुजी गावी त्यांचा जन्म झाला. तरुणपणी ते मुरोतोच्या भूशिरावर, समुद्राकडे तोंड असलेल्या एका गुहेत आकाशगर्भ बोधिसत्त्वाच्या मंत्राचा जप करीत बसले होते. ८०४ मध्ये ते चीनला गेले आणि चांगआन नगरीत प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडून संस्कृत शिकले. परतल्यावर त्यांनी कोयासान पर्वतावर आपला आश्रम स्थापला. ८३५ साली त्यांनी देह ठेवला असे इतिहास सांगतो, पण भाविकांच्या लेखी ते समाधीत बसलेले आहेत आणि कोयासानवर आजही दिवसातून दोनदा त्यांच्यासाठी जेवणाचे ताट वाजतगाजत नव्हे, पण शिस्तीने नेले जाते. कागावातल्या माणसांना त्यांची आणखी एक ओळख आहे. पावसाची ओढ असलेल्या त्या प्रांतात मान्नो नावाचा मोठा तलाव आहे. तो फुटला होता तेव्हा ८२१ साली कूकाईंनी लोकांना हाताशी धरून त्याची दुरुस्ती करवून घेतली. त्याचे पाणी अजून शेताला मिळते. बाराशे वर्षे माणूस लक्षात राहायला पाण्याइतके कारण दुसरे कुठले हवे?

हेन्रोच्या हातातली काठी म्हणजे साक्षात दाइशी, अशी समजूत आहे. यात्रेकरू एकटा दिसला तरी ते दोघे असतात. तसे शब्द त्याच्या गवती टोपीवर लिहिलेलेच असतात. संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर स्वतःचे पाय धुण्याआधी काठीचे टोक धुवायचे आणि तिला खोलीतल्या मानाच्या जागी उभी करायची. तेव्हा रस्त्यात जे संत्रे मिळते, ते मला मिळत नाही, माझ्या सोबत चालणाऱ्याला मिळते. मी फक्त हात पुढे करते. ‘नको’ म्हणायचा अधिकार मला का नाही, ते इथे कळते.

परदेशात पायी फिरून आलेली माणसे तिथल्या लोकांबद्दल बोलताना ‘फार प्रेमळ हो’ एवढे म्हणून थांबतात. मलाही घरी परतल्यावर सगळ्यांनी हेच विचारले आणि मीही आधी हेच उत्तर दिले. लिहायला बसले तेव्हा मात्र या उत्तराने माझे समाधान होईना. एखाददुसरे माणूस स्वभावाने प्रेमळ असते. १,२०० किलोमीटर रस्त्यावरची शेकडो गावे, पिढ्यान् पिढ्या, अनोळखी माणसाला दाराशी उभे राहून खाऊ घालतात, त्याला स्वभाव म्हणून चालत नाही. ती घडवलेली, जपलेली, पोरांना लहानपणापासून शिकवलेली रीत आहे. तिच्यामागे श्रम आहेत, नियम आहेत, पश्चात्तापही आहे. त्या रीतीचा माग काढण्यासाठी मी हे पुस्तक लिहिले.

पश्चात्ताप म्हणाले, त्याचे कारण सांगते. शिकोकूच्या वाटेवरच्या ज्या कथा सर्वांत जास्त सांगितल्या जातात, त्या आतिथ्याच्या नाहीत; नकाराच्या आहेत. एमोन साबुरो नावाचा एक धनाढ्य माणूस मात्सुयामाजवळ राहत असे. त्याच्या दारी एक भिक्षू सतत येत राहिला आणि तो त्याला हाकलत राहिला. आठव्या दिवशी त्याने भिक्षूचे भिक्षापात्र हिसकावून फोडले. त्याचे आठ तुकडे झाले. पुढे एकामागून एक त्याची आठही मुले वारली. दारी आलेले दाइशी होते हे उमगल्यावर तो क्षमा मागण्यासाठी त्यांच्या मागे बेटभर हिंडला. वीस प्रदक्षिणा झाल्या, तरी गाठ पडली नाही. एकविसाव्या वेळी तो उलट्या दिशेने निघाला आणि बाराव्या मंदिराच्या, शोसानजीच्या, चढणीवर कोसळला. तिथे मरणाच्या दारात त्याला दाइशी भेटले. शिकोकूचा पहिला हेन्रो हाच, असे मानतात. म्हणजे या यात्रेची सुरुवात झाली ती भिकाऱ्याला दारातून हाकलणाऱ्या माणसापासून.

दुसरी कथा ओझू गावातल्या पुलाची. एका रात्री दाइशींना गावात कुणी आसरा दिला नाही, म्हणून त्यांनी पुलाखाली थंडीत कुडकुडत रात्र काढली. आजही कुठल्याही पुलावरून जाताना हेन्रो काठी टेकवत नाही. न जाणो, खाली ते झोपलेले असतील. मी काठी उचलून पूल ओलांडू लागले की समोरून येणारे गावकरी माझ्या काठीकडे पाहत आणि मान लववून जात. तिसरी कथा मुरोतोच्या चोविसाव्या मंदिरात ऐकायला मिळते. तिथे एका बाईने दाइशींना बटाट्यासारखे कंद द्यायचे नाकारले, तेव्हापासून ते कंद खाण्याजोगे राहिले नाहीत. उलट बाजूची कथाही आहे. दहाव्या मंदिराच्या गावातल्या एका मुलीकडे दाइशींनी चिंधी मागितली. तिने मागावर विणत असलेले नवे कोरे कापडच कापून दिले. पण नकाराच्या कथा जास्त, आणि लोक त्या सांगतात ते आपल्याच गावाचे नाव घेऊन सांगतात. आपल्या पूर्वजांनी दार लावले होते हे विसरायचे नाही, असे ठरवून ठेवल्यासारखे. मला या आतिथ्याचा पाया इथे सापडला.

इतिहासही निव्वळ गोड नाही, आणि या पुस्तकात मी तो गोड करून मांडलेला नाही. एदो काळात यात्रेकरूला गावाहून प्रवासाचा परवाना घेऊन निघावे लागे. काही परवान्यांत स्पष्ट लिहिलेले असे, की हा माणूस वाटेत मेला तर तिथल्या रिवाजाप्रमाणे पुरून टाकावा, गावी कळवण्याची गरज नाही. कितीतरी लोक परत न येण्याच्या तयारीनेच निघत. अंगातला पांढरा अंगरखा हेच कफन आणि काठी हीच थडग्यावरची खूण. जुन्या वाटेने डोंगरात शिरले की झाडीत शेवाळलेले दगड दिसतात; ती या यात्रेकरूंची थडगी. ज्यांचे नावगाव माहीत नाही अशांना खांदा देणारे, त्यांचा दगड उभा करणारे लोक आजूबाजूच्या वाड्यांतलेच होते. आजारी हेन्रोला एका गावाने पुढच्या गावापर्यंत पोचवायचे, त्याने त्याच्या पुढच्या, अशीही पद्धत होती. ओसेत्ताई म्हणजे संत्री आणि चहा एवढेच समजणाऱ्याने या थडग्यांपाशी थोडे थांबावे.

राज्यकर्ते मात्र या लोंढ्याला वैतागलेले असत. तोसा प्रांतात, म्हणजे आजच्या कोचीत, हेन्रोने ठरलेल्या नाक्यानेच आत यायचे, ठरलेल्या वाटेनेच जायचे आणि मुदतीत बाहेर पडायचे, असा कडक अंमल होता. मेइजी काळात पोलिसांनी भीक मागणाऱ्या यात्रेकरूंना हुसकावून लावले. कुष्ठरोग झालेल्यांना घरचेच काठी हातात देऊन बाहेर काढत. ते बिचारे प्रदक्षिणेवर प्रदक्षिणा करीत मरेपर्यंत चालत राहत, आणि पुष्कळदा मुख्य वाट टाळून आडवाटेने जात. १९०७ च्या कायद्यानंतर अशांना पकडून वेगळे ठेवणे सुरू झाले आणि १९०९ साली ताकामात्सूसमोरच्या ओशिमा बेटावर त्यांच्यासाठी रुग्णालय उभे राहिले. त्यांनाही वाटेवरच्या घरांतून भात मिळत होता, हे खरे. त्यांना सर्वांसारखे घरात घेत नव्हते, हेही खरे. आणि अगदी अलीकडे, २०१४ साली, वाटेवरच्या काही विश्रांतीच्या झोपड्यांत कोरियन लोकांविरुद्ध द्वेषाची पत्रके चिकटवलेली आढळली. ती काढून टाकण्यात आली. पण त्या काळात वाटेवर चालणाऱ्या परक्याला काय वाटले असेल, हे मी परकीच असल्याने मला वेगळे सांगावे लागत नाही. रीत चांगली असली तरी तिची राखण रोज करावी लागते.

राखण करणाऱ्यांत काही माणसे अशी होऊन गेली, की त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तके व्हावीत. शिन्नेन नावाच्या साधूने १६८७ साली या यात्रेचे पहिले छापील मार्गदर्शक लिहिले, वाटेवर दगडी खुणा बसवल्या आणि जिथे कुणी आसरा देणारे नव्हते अशा आशिझुरीच्या निर्जन टप्प्यात यात्रेकरूंसाठी एक छोटी कुटी बांधली. नाकात्सुकासा मोहेई हा आणखी विलक्षण माणूस. १८४५ चा जन्म, समोरच्या किनाऱ्यावरच्या एका बेटावरचा. १८६६ मध्ये तो घर सोडून निघाला तो परत गेलाच नाही; १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने शिकोकूच्या २८० प्रदक्षिणा केल्या आणि वाटसरूंसाठी दोनशेहून अधिक दगडी मार्गदर्शक खांब उभे केले. त्या खांबांवर कोरलेला हात बोट दाखवतो. पाऊस लागला असताना, नकाशा भिजलेला असताना, शंभर वर्षांपूर्वीच्या त्या बोटाने मला योग्य फाट्यावर वळवले आहे. आमच्या काळात हे काम मात्सुयामाच्या मियाझाकी तातेकी यांनी केले. त्यांनी जुन्या, बुजलेल्या पायवाटा शोधल्या, झाडांना आणि विजेच्या खांबांना लाल खुणा बांधल्या आणि नकाशांचे पुस्तक काढले. पुढे त्याची इंग्रजी आवृत्तीही निघाली. २०१० मध्ये ते वारले. आज कुठल्याही देशातला पायी हेन्रो वाट न चुकता जातो, तो मोठ्या प्रमाणात त्यांच्या श्रमांवर.

ताकामुरे इत्सुए या लेखिकेची गोष्ट तर मला फार जवळची वाटते. १९१८ साली, चोविसाव्या वर्षी, ही मुलगी खिशात जवळजवळ काही नसताना एकटी क्यूशूहून निघाली. वाटेत ७३ वर्षांच्या एका अनोळखी वृद्धाने तिला घरात ठेवून घेतले, आणि नुसते ठेवून घेतले नाही, तर पूर्ण प्रदक्षिणेत तो तिच्या सोबतीला चालला. तिचे लेख वर्तमानपत्रात क्रमशः छापून येत होते. पुढे ती जपानमध्ये स्त्रियांच्या इतिहासाची मोठी अभ्यासक झाली. त्या म्हाताऱ्याचे ऋण बेटाला आणि देशाला असे फळले.

आता माझ्या वाटणीला आलेल्या गोष्टींकडे वळते. सगळ्या पुस्तकात आहेतच. इथे मोजक्याच सांगते, कारण त्यांच्यावाचून वर मांडलेले कोरडे राहील.

कोचीच्या किनाऱ्यावर, मघाशी म्हटलेल्या लांबलचक टप्प्यात, एक आजी भेटल्या. म्हातारी माणसे तिथे चाकांची छोटी गाडी पुढे ढकलत चालतात; तिच्यात भाजी ठेवता येते आणि दमले की वर बसता येते. आजींनी मला लांबून पाहिले, गाडी थांबवली, चाके अडकवली आणि उभ्या राहिल्या. मी जवळ गेले तर आधी त्यांनीच वाकून नमस्कार केला. मग कापडी बटव्यातून पांढऱ्या पातळ कागदात गुंडाळलेली पुडी काढली. आत शंभर येनची तीन नाणी होती. कागद इस्त्री केल्यासारखा सरळ घडी घातलेला. म्हणजे ही पुडी त्यांनी घरून बांधून आणली होती. कुणीतरी हेन्रो भेटेल म्हणून. पुण्यात जपानी भाषा शिकणाऱ्यांची मोठी परंपरा आहे, तिथेच मीही शिकले, त्यामुळे आजींचे बोलणे मला कळले. त्या म्हणाल्या, ‘‘माझे गुडघे गेले. पुढच्या देवळात माझ्या वाटचाही नमस्कार करा.’’ रीतीप्रमाणे मी माझी नामपट्टी दिली. ही कागदाची चिंचोळी चिठ्ठी असते. तिच्यावर नाव, गाव, वय आणि मनातली इच्छा लिहायची. प्रत्येक मंदिरात ती पेटीत टाकतात आणि ओसेत्ताई देणाऱ्याला हातात देतात. नवख्यांची पांढरी, अनेक प्रदक्षिणा झालेल्यांची हिरवी, लाल, रुपेरी, सोनेरी, आणि शंभरावर प्रदक्षिणा झालेल्यांची जरीची. माझी अर्थात पांढरी. आजींनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि बटव्यात ठेवली. पूर्वी घरोघर अशा चिठ्ठ्या भाताच्या पेंढ्याच्या पिशवीत साठवून माळ्यावर तुळईला टांगत. घराचे रक्षण होते म्हणून. चिठ्ठीवरचा ‘इंदो’, म्हणजे भारत, हा शब्द वाचल्यावर आजींचा चेहरा उजळला. ‘‘ओशाकासामांच्या देशातून आलात!’’ म्हणजे शाक्यमुनींच्या. त्यांनी मला पुन्हा एकदा नमस्कार केला, आणि तो मला नव्हता हे मला चांगले कळत होते.

त्यानंतर मंदिर येईपर्यंत ती तीन नाणी मी वेगळ्या खिशात ठेवली. त्यांचे वजन ते काय! पण मुरोतोची शेवटची चढण मी एकटी चढले नाही. दानपेटीत ती टाकून आजींच्या नावाने प्रज्ञापारमिताहृदय म्हटले. त्याच्या शेवटचा मंत्र संस्कृतच आहे. जपानी उच्चारातही आपल्याला तो ओळखू येतो. देणाऱ्याने काहीतरी सोपवलेले असते आणि घेणाऱ्याने ते पुढे पोचवायचे असते. ओसेत्ताई फुकट नसते ती अशी.

दुसरी गोष्ट जेवणाची. मी शाकाहारी. शिकोकूवर, त्यातही कोचीत, शाकाहार म्हणजे काय ते सांगणेच कठीण. बोनिटो मासा हा त्या प्रांताचा प्राण, आणि भाजीच्या साध्या रश्शातही त्याच माशाच्या सुकवलेल्या कीसाचा अर्क असतो. एका किनारी गावातल्या छोट्या घरगुती खानावळीत मी आदल्या दिवशी फोनवर हे सांगितले होते. संध्याकाळी पोचले, न्हाणे झाले, जेवायला बसले. मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या असतील. त्यांनी ताट ठेवले आणि आत जाऊन एक पाकीट घेऊन आल्या, वाळवलेल्या समुद्रशेवाळाचे. दुसऱ्या हातात सुकी अळिंबी. रस्सा फक्त या दोघांचा आहे, वेगळ्या पातेल्यात केला आहे, मासा नाही, असे त्यांनी ती पाकिटे दाखवून समजावले. बौद्ध मठांत असाच रस्सा करतात. आपल्या सासूबाई तसा करीत असत ते आठवून त्यांनी केला होता. इतर पाहुण्यांसाठी मासे होतेच. एका अनोळखी बाईसाठी त्यांनी चूल दोनदा मांडली. मी जेवत असताना माझे दिवसभराचे घामट कपडे धुवून त्या वाळत घालून आल्या होत्या. पैसे विचारले तर हात हलवून म्हणाल्या, ‘‘ते ओसेत्ताई.’’ मुक्कामाचे पैसे घेतले, धुण्याचे नाही. कुठे धंदा संपतो आणि कुठे सेवा सुरू होते, याची रेघ त्यांच्या मनात स्वच्छ आखलेली होती.

मोटारीत बसवून नेण्याचा आग्रह हा पायी हेन्रोपुढचा खरा पेच. मोटारीची जागा हीदेखील ओसेत्ताईच; मग नाही म्हणावे की नाही? जुन्याजाणत्या हेन्रोंत याबद्दल दोन मते आहेत. काही म्हणतात, दाइशींनी पाठवलेली गाडी, बसा. काही म्हणतात, पायी जाण्याचा संकल्प केला आहे एवढे नम्रपणे सांगितले तर कुणाचे मन दुखत नाही. मी दुसऱ्या बाजूची. एका पावसाळी दुपारी एका गृहस्थांना मी असे सांगितले. ते हसले आणि निघून गेले. दोन किलोमीटर पुढे, दुकानाच्या पडवीत, तेच गृहस्थ गरम कॉफीचा डबा हातात घेऊन उभे होते.

हे सगळे व्यक्ती म्हणून देणारे. देणाऱ्यांच्या मंडळ्याही आहेत. समोरच्या वाकायामा प्रांतातल्या आरिदा भागात संत्र्यांचे मळे आहेत. तिथल्या लोकांची एक मंडळी एदो काळापासून वसंतात समुद्र ओलांडून शिकोकूला येते आणि पहिल्या मंदिराच्या आवारात बसून यात्रेकरूंना वस्तू वाटते. हे लोक शिकोकूचे नव्हेत. पूर्वी नावा भरून सामान येई. आपल्या गावावरून जी वाट जातच नाही, त्या वाटेवरच्या माणसांना देण्यासाठी समुद्र ओलांडायचा, हे मला सर्वांत थोर वाटते.

मराठी वाचकाला यातले काही अगदीच नवे वाटणार नाही. नर्मदेची परिक्रमा करणाऱ्यांना किनाऱ्यावरची घरे सदावर्त देतात. ज्याच्या घरात दोन वेळची भ्रांत, तोही पीठ आणि डाळ काढून देतो. मराठीत त्याविषयी भरपूर लिहिले गेले आहे आणि ते वाचूनच माझ्यासारख्या कित्येकांच्या मनात लांब चालण्याची ओढ निर्माण झाली. म्हणून शिकोकूवर मी परकी असले तरी अनभिज्ञ नव्हते. फरक एका बाबतीत जाणवला. आपल्याकडे परिक्रमावासी बहुधा मागतो किंवा मागण्याची तयारी ठेवतो. आजच्या शिकोकूवर हेन्रो सहसा मागत नाही. त्याच्यापुढे ताट येते, न मागता. आणि न मागता आलेले घेणे, मला तरी, मागण्यापेक्षा अवघड गेले. परत काही देता येत नाही. पैसे पुढे केले तर अपमान होतो. कागदाची एक चिठ्ठी आणि एक नमस्कार, एवढ्यावर भागवायचे, आणि उरलेले ऋण अंगावर घेऊन चालायचे. आम्ही मध्यमवर्गीय माणसे हिशेब लगेच चुकता करायला शिकलेली असतो. या वाटेवर तो चुकता होत नाही, आणि होऊ नये असेच तिथल्या लोकांचे म्हणणे आहे.

ही रीत किती दिवस टिकेल, हा प्रश्न मला चालताना सतत पडत होता. कोचीची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत सात लाखांच्याही खाली आली. गावेच्या गावे म्हाताऱ्यांची झाली आहेत. बंद घरांच्या अंगणात संत्र्याची झाडे फळांनी लगडून उभी असतात आणि तोडायला कुणी नसते. हेन्रोंना विनामूल्य रात्रभर ठेवणारी घरे कमी होत चालली आहेत. घरगुती खानावळी चालवणाऱ्या बायका सत्तरी-ऐंशीत आहेत, आणि त्यांच्या मुली ओसाकात किंवा तोकियोत. दुसरीकडे वाटेवर परदेशी चालणारे वाढले आहेत, आणि ते आले म्हणून काही गावांत नव्या पिढीच्या लोकांनी पडक्या घरांची डागडुजी करून मुक्कामाच्या खोल्या सुरू केल्या आहेत. शाळेची मुले वाटेवरच्या झोपड्यांत हाताने लिहिलेली शुभेच्छापत्रे ठेवून जातात. मी निराश नाही. पण ज्या आजींनी पुडी घरून बांधून आणली होती, त्यांच्या वयाची माणसे पुढच्या वीस वर्षांत नसतील, आणि त्यांनी काय जपले ते लिहून ठेवण्याची घाई मला वाटली. जर्मन शिक्षक आल्फ्रेड बोनर यांनी मात्सुयामात राहून १९३१ मध्ये या यात्रेवर पुस्तक लिहिले, अमेरिकन लेखक ऑलिव्हर स्टॅटलर यांचे १९८३ मध्ये आले. मराठीत या वाटेवरच्या माणसांबद्दल सविस्तर लिहावे अशी माझी इच्छा होती. ती इथे पूर्ण झाली आहे.

पुस्तकातल्या घरमालकांची, आजींची, दुकानदारांची नावे मी दिलेली नाहीत. त्यांनी नाव व्हावे म्हणून दिले नव्हते. गावांची नावे मंदिरांच्या अनुषंगाने आली आहेत तेवढीच. मंदिरांची वर्णने, बुद्धमूर्तींची ओळख, वाटेचे टप्पे हे सारे त्या त्या प्रकरणात आहे. पण वाचकाने घाई असल्यास ते ओलांडून माणसांपाशी यावे, माझी हरकत नाही.

हे वाचून कुणी शिकोकूला जायला निघाला तर मला आनंद होईल. त्याला एकच विनंती. मिळालेले नाकारू नका, पण पैसे वाचवायला म्हणून त्या वाटेवर जाऊ नका. जेवायला आणि राहायला पुरेसे पैसे जवळ ठेवा. मुक्काम आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवा, आणि पाय दुखावले, बेत बदलला, पोचणे जमणार नसेल, तर न विसरता तसे कळवा. तुमच्यासाठी कुणी सत्तरीची बाई दुपारपासून वेगळ्या पातेल्यात रस्सा करत असते. न सांगता न येणाऱ्यांमुळे अशा घरांना फोन घेणे नकोसे होते, आणि एकदा बंद झालेले घर पुढच्या हेन्रोला उघडत नाही.